न पाहिलेला उतारा

मास्तर : ...तर तो म्हातारा धनगर रोज दिवस मावळायला माळावर जातो आन् शिट्टी मारतो. का मारतो? मेंढरं गोळा करायला. झाला पहिल्या सवालाचा जवाब. विचार बिंदणीला, बराबर हाय का.

राजकुमारी : चुकलं, माजी. मेंढरं तर त्यानं उताऱ्यात आधीच विकलीत.

प्रेमबाई : अहो, बराबर हाय म्हनते.

(जालन्यातलं एक मारवाडी घर, सन १९५३, दुपारची वेळ. ओसरीवर इंग्रजीचं पुस्तक घेऊन बसलेले झुंबरलाल मास्तर. दाराच्या आत घुंगट ओढून त्यांची सून, म्हणजे घरची बिंदणी, राजकुमारी. या घरात सून सासऱ्याशी बोलत नाही, म्हणून मधे उंबऱ्याशी सासू प्रेमबाई, जिला ती माजी म्हणते. सून तिच्या कानात सांगते आणि ती मोठ्यानं मास्तरांना सांगते. दोघींचं आपसातलं बोलणं कुजबुजतच चालतं.)

मास्तर : बिलकुल बराबर?

प्रेमबाई : बिलकुल. तुमी दुसरा सवाल बघा.

मास्तर : काल बी सगळे जवाब बराबर आले. आज बी येऊन राह्यले. मंग भ्या कशाचं वाटून राह्यलं, तेच कळंना. ह्या उताऱ्याचं नावच बघ, न पाहिलेला उतारा. बाकीचा इम्तिहान मी पाठ करून देईन. जे पाहिलंच न्हाई ते पाठ कसं करू?

प्रेमबाई : पानी देऊ का?

मास्तर : नको. वाचू दे. आमी शिकलो तवा सगळं उर्दूत होतं. किताब पाठ झाली की माणूस पास. पोलीस ॲक्शन झाली आन् सगळं इंग्रजीत आलं. इंग्रजी लिवायला येतं मला, अक्षर बी चांगलं हाय. अर्थ सापडत न्हाई. थांब, दुसरा सवाल मनात वाचतो.

राजकुमारी : माजी, तुम्ही असं का सांगितलं?

प्रेमबाई : बिंदणी, हळू. ऐकतील ते.

राजकुमारी : कालही मी चुकलं म्हटलं आणि तुम्ही बराबर म्हणून सांगितलं. मला वाटलं, तुम्हाला ऐकू आलं नसेल.

प्रेमबाई : ऐकू येतं मला.

राजकुमारी : मग?

प्रेमबाई : उद्या सकाळच्या गाडीनं औरंगाबादला जायचंय त्यांना. परवा बी.ए.चा पेपर हाय. आता चुकलं म्हनून काय फायदा? दोन घास तरी नीट खाऊन जाऊ दे.

राजकुमारी : माजी, बाबूजी हा उतारा वाचतच नाहीत. मागच्या पुस्तकात धनगराचा एक धडा होता, तो त्यांना पाठ आहे. धनगर दिसला की तोच सांगतात. पेपरात धनगर आला नाही तर काय सांगतील?

प्रेमबाई : इंग्रजीतलं मला सांगू नको. मला त्यांचा चेहरा वाचता येतो तेवढं बास.

राजकुमारी : मी आमच्या अमरावतीला इंटरपर्यंत शिकले. लग्न ठरताना बाबूजींनी एकच विचारलं होतं म्हणे, मुलीला इंग्रजी येतं का. आणि आता मी इथं बसून त्यांचं चुकलेलं बराबर करते.

प्रेमबाई : तू न्हाई करत. मी करते. पाप माझ्या डोक्यावर.

मास्तर : काय कुजबूज चाललीय? तिला काही विचारायचंय का?

प्रेमबाई : न्हाई हो. आमटीला मीठ टाकलं का म्हनून विचारत होते. तुमी वाचा.

मास्तर : वाचून राह्यलो. पन ती ओळ परत परत डोळ्यासमोरून जाते आन् आत काही राहत न्हाई. मागल्या साली तिथं इम्तिहानाच्या हालमध्ये असंच झाल्तं. पान उघडलं, अक्षरं दिसली, आन् वाटलं हे आपल्याला कुनीतरी शिव्या देऊन राह्यलं. बाजूची पोरं, माझ्या पोराच्या वयाची, भराभर लिवत होती.

प्रेमबाई : ते जाऊ द्या ना आता.

मास्तर : कसं जाऊ देऊ? ह्या वक्ताला बी.ए. झालो न्हाई तर हायस्कुलातून काढून खालच्या शाळेत टाकतील. तिकडं तीर्थपुरीच्या बाजूला कुठं तरी. नववीला तारीख, म्हंजे इतिहास, शिकवनारा मी, बाराखडी शिकवत बसेन. आन् गावातले लोक इचारतील, मास्तर, काय झालं?

प्रेमबाई : कुनी न्हाई इचारत.

मास्तर : मागल्या साली इचारलं की.

राजकुमारी : माजी, मागल्या साली काय झालं होतं? तेव्हा मी या घरात नव्हते. कुणी सांगतही नाही.

प्रेमबाई : बिंदणी, ते कशाला आता.

राजकुमारी : सांगा मला.

प्रेमबाई : निकाल लागला त्या दिवशी हे घरी आले न्हाईत. घाणेवाडीच्या तळ्यावर जाऊन बसले. चपला काढून ठेवल्या होत्या. टांगेवाला बद्रीनाथ तिकडून येत होता, त्यानं बघितलं आन् बळंच टांग्यात घालून आनलं. चार दिवस बोलले न्हाईत माझ्याशी. आता सांग, मी चुकलं म्हनू? सांग ना. तू शिकलेली हायेस.

राजकुमारी : मलाही भीती वाटते, माजी. पण खोटं बराबर घेऊन ते तिकडं गेले, तर निकाल कसा लागेल? तेव्हा त्यांना वाटेल की सगळं येत होतं तरी नापास झालो. ते जास्त वाईट होईल.

प्रेमबाई : तवाचं तवा बघू.

राजकुमारी : तेव्हा बद्रीनाथ तिथं नसेल तर?

प्रेमबाई : तोंड बंद कर. असं बोलू नये घरात.

मास्तर : हां, दुसरा सवाल. शेजारची बाई रोज त्याच वक्ताला खिडकी लावून घेते. का लावते? थंडी हाय म्हनून. बर्फाचा मुलूख हाय तो, उताऱ्यात बर्फ बर्फ म्हनून लिवलंयच. बर्फ म्हंजे थंडी, थंडी म्हंजे खिडकी. जवाब झाला. विचार तिला.

राजकुमारी : चुकलं, माजी.

प्रेमबाई : अहो, बराबर हाय म्हन...

राजकुमारी : चुकलं, बाबूजी.

मास्तर : कोन बोललं?

प्रेमबाई : कुनी न्हाई. मीच बोलले.

राजकुमारी : मी बोलले. मला माफ करा. हे चुकलं, आणि पहिलंही चुकलं होतं. कालचेही चुकले होते.

प्रेमबाई : अहो, तिच्यावर रागावू नका. ती बराबर सांगत होती, मीच तुमाला उलटं सांगत होते. काय बोलायचं ते मला बोला.

मास्तर : सगळे?

राजकुमारी : काल एक बराबर आलं होतं. पुलाच्या उताऱ्यातलं.

मास्तर : आन् तू उंबऱ्याशी बसून मला बराबर, बराबर...

प्रेमबाई : मला ते तळं दिसतं. डोळे मिटले की दिसतं. तुमी म्हनाल ते मी म्हनेन, पन मला तुमी पाहिजे.

मास्तर : मला वाटतच होतं. एवढे बराबर येत असते तर दोनदा नापास झालो असतो का? रात्री झोपताना वाटायचं. आन् इचारायची बी भीती वाटायची.

प्रेमबाई : जेवून घ्या आता. पुस्तक ठेवा.

मास्तर : बिंदणी.

राजकुमारी : जी.

मास्तर : आता बोललीच हायेस तर मधी हिला नको. काय चुकलं ते सांग.

राजकुमारी : बाबूजी, तुम्ही मागच्या पुस्तकातला धनगर सांगितला. ह्या धनगरानं मेंढरं विकली आहेत. दुसऱ्या परिच्छेदात आहे.

मास्तर : थांब. हां. विकली. हे वाचलं होतं मी, पन सोडून दिलं. मंग शिट्टी कुनासाठी?

राजकुमारी : त्याच्याजवळ आणखी कोण होतं?

मास्तर : कुत्रं होतं. ते बर्फात गेलं म्हनून लिवलंय. लोकांनी शोधलं, सापडलं न्हाई. मंग कुत्र्यासाठी? पन कुत्रं तर मेलं असेल.

राजकुमारी : हो.

मास्तर : त्याला ठावं न्हाई का?

राजकुमारी : ठाऊक आहे, बाबूजी.

मास्तर : ठावं असून रोज जातो? हे कुठं लिवलंय?

राजकुमारी : कुठंच नाही. उत्तर ओळीत नाही म्हणूनच सवाल विचारलाय. सगळा उतारा वाचून तुम्हाला काय वाटलं, ते लिहायचं.

मास्तर : मला काय वाटलं ते? सरकारी पेपरात? आमच्या वक्ताला कुनी असं लिवलं असतं तर उस्तादानं कान धरून बाहेर काढलं असतं.

राजकुमारी : आता तेच विचारतात.

मास्तर : मंग... ती बाई थंडीनं खिडकी लावत न्हाई.

राजकुमारी : नाही, बाबूजी.

मास्तर : तिला ती शिट्टी ऐकवत न्हाई.

राजकुमारी : बराबर.

मास्तर : हे बराबर खरं हाय ना? हिच्यावानी न्हाई ना?

राजकुमारी : खरं आहे.

मास्तर : एक आलं म्हनायचं. परवा पाच सवाल असतील आन् उतारा धनगराचा नसेल. आता तर जास्तच भ्या वाटतं. आधी निदान अंधारात होतो.

राजकुमारी : संध्याकाळपर्यंत आणखी दोन उतारे होतील. अडलेल्या शब्दापाशी थांबू नका, शेवटापर्यंत जा, मग मागं या. मी इथंच बसते.

मास्तर : आन् वाटलं ते लिवलं तर मार्क देतील?

राजकुमारी : देतील, बाबूजी.

मास्तर : आन् न्हाई दिले तर? बोल ना. आता खोटं बोलायचं न्हाई असं ठरलंय. न्हाई दिले तर मी काय करायचं?

प्रेमबाई : सरळ घरी यायचं. वाटेत कुठं बसायचं न्हाई.