होळीला गेलेला ओंडका

आमी मूळचे माले गावचे. भाताची खाचरं व्हती, पर दोन भावांचं पोट भरंल येवढी न्हाई, म्हणून थोरला, म्हंजी आमचा दादा, पिरंगुटला गॅरेजात लागला, मंग सोताचं गॅरेज टाकलं आन् मला बी बोलावून घेतलं. कारखान्यांचे टेंपो दिवसभर, लई काम. गाडी जॅकवर चढवली की दादा बाभळीचा जाड ओंडका चेसीखाली सारायचा, मंगच आत शिरायचा. म्हणायचा, जॅक म्हंजी जावई, कवा रुसंल नेम न्हाई, ओंडका घरचा.

तर होळी आली. होळीला लाकडं चोरायची आन् ज्याची गेली त्यानं हसायचं, ही रीतच हाय. आळीतल्या तरण्या पोरांनी ओंडका उचलला. दादानं तो होळीत जळताना बघितला, तर शिवी न्हाई का काय न्हाई, उलट सोताच होळीत नारळ टाकला आन् सगळ्यांबरूबर बोंब मारली. काय सांगू ताई तुमाला, किती हसला त्या दिशी.

धुळवडीला सकाळीच एक टेंपोवाला आला, गिअरबॉक्स उतरवायचा व्हता. मी म्हणलं, दादा, उद्या करू, ओंडका आणू. तर म्हणला, आरं एक दिवस विटा लाव, काय हुतंय. लावल्या. तो खाली, मी भाईर बसून हात घालून पाना देतोय. नट जाम व्हता, दादानं जोर लावला, गाडी हालली, जॅक सटाकला आन् विटा, आवो, बिस्किटावानी पिचल्या. माझी ही दोन बोटं तवाच गेली, पर मला ती दुखलीच न्हाईत. दादा एकदाच बाळ्या म्हणला. पोरं पळत आली, तोंडाला होळीची राख फासलेली, ओंडका नेला तीच पोरं, त्यांनीच गाडी उचलून धरली. उपेग झाला न्हाई.

आता बोलू कुणाला? पोरांना बोलावं तर रीत हाय, दादाला बोलावं तर तो गेला. राग येतोय, लई येतोय, आजून येतोय, पर ठिवायचा कुटं?

गॅरेज आता मीच बघतुया. नवा ओंडका आणलाय. होळीला दुपारपासनं त्याच्यावर बसून ऱ्हातो. ती पोरं आता लेकराबाळांची झाली, लांबनंच हात जोडून जात्यात. वैनी, म्हंजी दादाची बायको, पुरणपोळी तितंच आणून देती, बोलत काय न्हाई. आवंदा तेवढी बोलली. म्हणली, भावजी, बोंब थांबंस्तवर उठू नगा.