प्यायलेल्याला गादी, दमलेल्याला गाडी

...नाही, पण मला एक सांगा, प्यायलेल्यासाठी आपल्याकडे शब्द किती? टाईट, टल्ली, तर्र, फुल्ल, विमानात! माझा थोरला काका भरदुपारी तर्र होऊन आला की अख्खं घर त्याला हातावर झेलतं. "अरे, चपला काढा त्याच्या! लिंबू पिळा!" आणि माझा बाप? बस चालवतो. आयुष्यात थेंब नाही. सलग दोन पाळ्या मारून येतो, पाय इकडे, डोकं तिकडे, अंगाचा पार भुगा... तर काका लोळता लोळता काय म्हणतो? "दमायला काय झालं? बसूनच तर असतोस!" तुम्हाला सांगतो, प्यायलेल्याला गादी, दमलेल्याला गाडी!

डेपोच्या गेटवर दारू तपासायचं मशीन आहे. फुंकायचं. लाल दिवा लागला की घरी, हिरवा लागला की स्टिअरिंगवर. कॉलेज सोडून मी तिथेच बस धुतो, रोज बघतो. परवा बापाला तिसरी पाळी लावली. माणूस उभ्याउभ्या पेंगत होता हो! मी म्हटलं, "साहेब, यांचा पार पिट्टा पडलाय, सोडा आज." साहेब म्हणतो, "फुंका." फुंकलं. हिरवा! "बघ, ठणठणीत आहे तुझा बाप!" अहो, दमलेल्याच्या तोंडाला वास येतो का कसला? बापाला कोपऱ्यात घेतलं, "बाबा, त्या मेकॅनिकच्या पेटीत बाटली आहे. झाकणभर तोंडात फिरवा, पुन्हा फुंका, लाल लागेल, घरी जाऊन झोपा!" तर काडकन कानाखाली! "चाळीस वर्षं जपलंय मी!" काय जपलं, काय? प्यायलेल्याला गादी, दमलेल्याला गाडी!

गेला. रिकामी बस स्टँडवर न्यायची होती, एवढंच नशीब. दुसऱ्या वळणावर डोळा लागला, बस भिंतीत, पाय तीन ठिकाणी मोडला.

संध्याकाळी हॉस्पिटलात साहेब कागद घेऊन हजर. "मशीन म्हणतंय, चालक शुद्धीत होता. म्हणजे चूक चालकाचीच. राजीनामा आहे, सही करा." आणि आमचा काका, बापाच्याच खाटेवर रेलून, "करून टाक रे, मोठ्या माणसांशी वाद नको!" बापाने केली सही. आणि पेन हातात तसंच, जो आडवा झाला... तोंड उघडं, ढाराढूर!

नर्स धावत आली. "अहो, इंजेक्शन तर अजून दिलंच नाही, आणि हे इतके गाढ कसे झोपले?"

म्हटलं, राहू द्या सिस्टर. नोकरी गेली ना आत्ताच... लागली बिचाऱ्याला झोप.