फोन जरा लांब धर

दवाखान्यात माझ्या शेजारच्या बाकावर एक म्हातारं जोडपं नंबर लागायची वाट बघत होतं.

“लेक हल्ली फोनवर नुसती चेहराभर दिसते.”

“दिसते ना? मग झालं तर.”

“अगं, लग्नांचं शूटिंग करण्यात जन्म गेला माझा. हॉलमधल्या खुर्च्या रिकाम्या असल्या की आम्ही क्लोजअप घ्यायचो. चेहऱ्यामागचं काही दिसत नाही.”

“तिच्याकडे कसल्या आल्यात रिकाम्या खुर्च्या?”

“पूर्वी फोन टेबलावर ठेवून घरभर वावरायची. मागे जावई चहा करताना दिसायचे. शेवटचे कधी दिसले, आठवतं?”

“भलतंसलतं बोलू नका.”

“आज सांग तिला, फोन जरा लांब धर. घर बघू दे आम्हाला.”

“तुम्हीच सांगा. तुमची लाडकी.”

“मी विचारलं तर रडेल गं ती.”

“घ्या, तिचाच आला. व्हिडिओ आहे.”

“उचल, उचल! नाही, थांब. आधी जवळ धर.”

“एवढा?”

“अजून जवळ. माझ्या हाताची सलाईनची सुई दिसतेय. मागची नर्सही.”

“आता?”

“हां. आता हस.”