पातेऱ्यातला बाप

मी सुलोचना, माझा जन्म संगमेश्वराकडच्या एका वाडीतला. चौथीपर्यंत शाळा झाली, मग लग्न झालं, आणि थोड्याच वर्षांत नवरा तापाने गेला. मूलबाळ नव्हतं. धाकटा भाऊ बाळू डॉक्टर होऊन लीड्सच्या हॉस्पिटलात लागला होता, त्याची बायको मेधाही डॉक्टर, दोघांच्या ड्यूट्या आणि घरात तान्ही रीना, तेव्हा बाळूने फोन केला, ताई, तू ये, आमची पोर तुझ्याशिवाय कोण सांभाळणार. म्हणून मी इकडे आले. ऐंशी सालानंतरची गोष्ट ही.

काय सांगू तुम्हाला, कित्येक वर्षं मी त्या घराबाहेर एकटी पडले नाही. दाराची बेल वाजली की जिन्याखालच्या कपाटाशी जाऊन गप उभी राहायची. पोस्टमनला वाटत असेल, ह्या घरात दिवसा कुणी राहतच नाही. बाळू चिडवायचा, ताई, तो माणूस पार्सल द्यायला आलाय, तुला न्यायला नाही. मी हसायची, पण पाय हलायचे नाहीत.

रीना पूर्ण वेळ शाळेत जायला लागली तशी मी घरात अगदीच रिकामी झाले. बाळूची एक पेशंट होती मॉरीन, दांडगी बाई, गावाबाहेरच्या पक्ष्यांच्या बागेत कामाला. तिला झाडलोटीला माणूस हवं होतं. मी म्हटलं नको रे बाबा. तर मेधा काय म्हणाली, ताई, तुम्हाला काळोखाच्या घरात काम आहे, तिथे कुणाचं तोंड कुणाला दिसत नाही. हे मात्र मला पटलं. तेवढ्यासाठी मी गेले बघा.

आता हे काळोखाचं घर म्हणजे काय, तर रात्री जागणाऱ्या पक्ष्यांचं घर. तिथे उलटा कारभार. रात्री मोठे दिवे लावायचे आणि दिवसा मालवायचे, म्हणजे पक्ष्यांना दिवस हीच रात्र वाटते आणि ते लोकांसमोर हिंडतात. आत शिरलं की आधी काही दिसत नाही. मग हळूहळू डोळे सरावतात. तसा पहिल्या दिवशी मला तो दिसला, हॅरी. किवी पक्षी, न्यूझीलंडचा. कोंबडीएवढा, शेपूट नाही, अंगावर पिसं कसली, केसच ते, आणि चोच सुईसारखी लांब. ती चोच मातीत खुपसायचा, आणि मधेच नाक शिंकरल्यासारखा फुर्र करायचा. मला एवढं हसू आलं! मॉरीन म्हणाली, लव्ह (ती सगळ्यांनाच लाडाने तसं म्हणायची), त्याची नाकपुडी चोचीच्या टोकाला असते, तिथे माती जाते. डोळ्यांनी त्याला फारसं दिसत नाही. नाकाने तो जमिनीखालचा किडा हुडकतो, आणि चोचीपाशी मांजरासारख्या मिशा असतात, त्यांनी अंधारात वाट चाचपतो.

मला इंग्रजी येत नव्हतं, तरी मॉरीनचं कळायचं. ती हाताने, पायाने, सगळ्या अंगाने बोलायची. पंख कुठे आहेत म्हणून मी खुणेने विचारलं, तर तिने हॅरीचे केस बाजूला करून दाखवले. बोटाएवढा पंख, टोकाला बारकी नखी. त्यांच्या रानात पूर्वी त्यांना खाणारं चार पायांचं जनावरच नव्हतं, मग उडायचं कशाला? वरून ससाणा आला तर हलायचं नाही, पाल्यात पाला होऊन बसायचं. मग त्या रानात माणसं आली, त्यांची कुत्री आली, आणि कुत्र्याला गप बसलेलाही वासाने सापडतो. हे ऐकलं आणि मला ते जिन्याखालचं कपाट आठवलं.

माझं काम होतं रानातून पाला आणून खाली पसरायचा. कोकणातल्या बाईला पाला गोळा करायला काय शिकवायचं? आम्ही पातेरा म्हणतो त्याला. पातेरा कसा हवा, तर कडकडीत सुका, माती झटकलेला, पेरणीआधी शेत भाजतात त्या भाजावळीला पेटणारा. मी तसाच निवडून निवडून आणला, ओला कुजका बाजूला काढला. ऐटीत टोपली ओतली. हॅरी आला, दोनदा चोच आपटली, फुर्र केलं आणि निघून गेला. मॉरीन पोट धरून हसली. म्हणाली, अगं सुलो, त्याला शेकोटी करायची नाहीये, जेवायचंय! कुजका आण, ओला आण, ज्याच्याखाली किडे वळवळतात तो. तेव्हा मला कळलं की त्याचं ताट नि अंथरूण एकच. तेव्हापासून मी भिजलेला, काळा, भुईच्या वासाचा पातेरा आणायला लागले, आणि हॅरी माझ्या बुटांपर्यंत यायला लागला.

त्याची जोडीदारीण डॉट. तिने एकदा अंडं घातलं. एवढीशी बाई आणि अंडं केवढं, तिच्या पोटात मावलं कसं देव जाणे. पण अंडं घालून ती मोकळी झाली, आणि बसायचं कुणी, तर हॅरीने! जवळजवळ अडीच महिने बापाने बसायचं. घरी सांगितलं तर रीना ओरडली, आत्या, डॅडला पण असं बसव! पण ते अंडं वाया गेलं. सुट्टीत पोरं काचेवर थापा मारत होती, हॅरी बिचकून उठला तो परत बसलाच नाही. मॉरीन त्या दिवशी जेवली नाही.

पुढल्या वर्षी डॉटने पुन्हा अंडं घातलं. ह्या खेपेला मॉरीनने काच झाकली आणि मागच्या दाराची किल्ली माझ्याकडे दिली. मागे एक लाकडी पेटी होती, पातेऱ्याने भरलेली, तेच हॅरीचं बीळ. म्हणाली, पाणी ठेव, खाणं ठेव, झाकण उचलायचं नाही, कुणीही. मला काय, आमच्याकडे बाळंतिणीची खोली अशीच असते. अंधार, वारा नाही, परक्याची ये-जा नाही. इथे बाळंतीण बाप होता एवढंच.

दिवस भरत आले आणि नेमकी त्या दिवशी मॉरीन दात काढायला गेली. आणि बागेचे मोठे साहेब पाहुणे घेऊन आले. चांगले कपडे, मोठमोठी हसणी. साहेब मला म्हणाले, जरा दार उघड, दोन मिनिटं झाकण उचलून दाखवतो. मन म्हणालं, सुलोचना, किल्ली दे नि बाजूला हो. पण आत पेटीतून फुर्र असा आवाज आला. मी दाराला पाठ लावली आणि म्हणाले, नो. साहेबांना वाटलं मला कळलं नाही. परत सांगितलं. मी म्हटलं, नो, सर. फादर सिटिंग. बेबी कमिंग. नोबडी गो. एवढं इंग्रजी मी त्या देशात त्याआधी एका दमात बोलले नव्हते. एक म्हातारी पाहुणी मोठ्याने हसली, म्हणाली, शी इज राइट, डिअर. मग साहेबही हसले, म्हणाले, हुकूम मान्य, आणि सगळे चहाला गेले. किल्ली माझ्या मुठीतच राहिली.

मॉरीन सुजलेल्या गालाने परत आली. ऐकून मला उचललंच तिने. म्हणाली, बिळाशी गेलं की हॅरी काय करतो माहितेय ना? लाथ मारतो! तशी लाथ मारलीस तू.

थोड्या दिवसांनी पिल्लू बाहेर आलं. स्वतःच पाय झाडून अंडं फोडलं, अंगावर केस सगळे, बापाची छोटी नक्कल. ह्यांना आईबाप भरवत नाहीत. पोटातल्या बलकावर काही दिवस निघतात, मग स्वतःच चालायचं. आम्ही दोघी अंधारात श्वास रोखून उभ्या होतो. ते धडपडत पेटीच्या तोंडाशी आलं, मी आणलेल्या ओल्या पातेऱ्यात चोच खुपसली, आणि केलं की हो त्यानेही, बारीकसं फुर्र! मॉरीन रडायला लागली नि मी टाळ्या वाजवणार होते, तिने माझे हात धरले.

आता ते पिल्लू मोठं होऊन दुसऱ्या देशातल्या बागेत गेलंय, तिथे तेही अंड्यावर बसलंय म्हणे. रीना आता एडिनबराला शिकते, फोनवर विचारते, आत्या, तुझा हॅरी कसा आहे? मी म्हणते, हॅरी म्हातारा झाला, पण लाथ तीच आहे. मी बसने एकटी जाते-येते. घरची बेल वाजली की मीच दार उघडते, पोस्टमन मला नावाने हाक मारतो. त्या पिल्लाला माझं एवढंच सांगणं, बाळा, जिथे असशील तिथली भुई ओली राहो, आणि तुझ्या दाराशी कुणीतरी पाठ लावून उभं असो.