कॅमेऱ्याचे डाग वजा जाता

...बरं, चादर नेली ती नेली, वर मलाच विचारतात, "सुरकुत्या फार आहेत हो हिला, इस्त्रीची नाही का एखादी?" आता काय बोलावं या माणसाला! तुम्हाला सांगतो, हे आमचे शेजारी, गहिनीनाथ गुरुजी. सोनईच्या शाळेत चित्रकला शिकवतात, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण कुठंतरी वाचलं की मृग नक्षत्रात एक गुलाबी ढग आहे, तेजोमेघ म्हणतात त्याला, आणि साध्या रोलच्या कॅमेऱ्यातही तो येतो... झालं! दोन फळ्या आणल्या, मधे दाराची बिजागरी ठोकली, खाली एक बोल्ट. त्या फळीवर कॅमेरा बसवायचा आणि बोल्ट हातानं हळूहळू फिरवत राहायचा, म्हणजे कॅमेरा चांदण्यांबरोबर सरकतो. लाईट गेली की अख्खं गाव शिव्या देतं, हे मात्र हात जोडून गच्चीवर पळतात! आता यात गुरुजींचं काय चुकलं, तुम्हीच सांगा!

फोटो आला. चांदण्या आल्या, मृग आला, आणि त्याच्या पोटात घुसलेल्या बाणापाशी, म्हणजे त्या ओळीतल्या तीन चांदण्यांपाशी, बोराएवढं काहीतरी गुलाबीसर... आलं हो, खरंच आलं! पण भिंगाला धरलेली बुरशी. कोपरे काळे आणि इथंतिथं आणखी तीन डाग. नेमके त्या दिवशी सासरे आलेले. मनकर्णाबाईंनी, म्हणजे गुरुजींच्या मंडळींनी, फोटो हातात घेतला आणि वडिलांसमोर म्हणाल्या, "चार डाग हायेत. त्यातला तुमचा कंचा?" सासरे खो खो हसले! गुरुजींचा चेहरा एवढासा झाला. त्या दिवसापासून तुम्हाला सांगतो, या माणसाला बक्षीस नको, छापून येणं नको... बायकोनं एकदा म्हणावं, "व्हय, हाय तिथं ढग." बस्स!

मग पुढच्या हिवाळ्यात डोक्यातून काय निघालं? चादर! म्हणे, पांढऱ्या कोऱ्या चादरीचा फोटो काढायचा. त्यात जे डाग दिसतील ते कॅमेऱ्याचे. ते आकाशाच्या फोटोतून वजा करायचे. उरेल ते आकाशाचं! हिशेब चोख आहे की नाही? पण हे गल्लीला कोण समजावणार! दिवेलागणीला दोरीवर माझी चादर, समोर गुरुजी एक डोळा मिटून, आणि रस्त्यानं आले रंभाजी.

"गुरुजी, चादरीमागं कोन बसलंय?"

"कोणी नाही."

"मंग फोटू कुनाचा?"

"कोणाचाच नाही."

रंभाजी जे मागं सरले ते थेट पारावर! दुसऱ्या दिवशी हेडमास्तर गुरुजींना विचारतात, "झोप लागते ना नीट?" आता यात गुरुजींचं काय चुकलं?

पुढं नगरला केदारच्या दुकानात. हा केदार कम्प्यूटरवर लग्नाचे फोटो साफ करतो... नवरीच्या गालावरची पुटकुळी, नवरदेवाच्या शर्टावरची आमटी, सगळं गायब! गुरुजींनी दोन्ही निगेटिव्ह दिल्या, वजाबाकी समजावून सांगितली, पोरगं मान हलवत होतं. आठ दिवसांनी फोटो आणायला गेलो. मी होतो, आणि बाजार करायचा म्हणून मनकर्णाबाईही होत्या. पाकीट उघडलं... काय सांगू तुम्हाला! कोपरे लख्ख, डाग एक नाही, चांदण्या कशा टाचणीनं टोचल्यासारख्या! आणि बाणापाशी? काळंभोर. काही नाही!

केदार खूश! "सर, वजाबाकीनं तीन गेले. एक काही केल्या जाईना, चिवट होता. मग तो हातानं पुसला!"

गुरुजींनी फोटो उजेडाला धरला आणि बाणापाशी बोट फिरवलं. मला तर कळेना, हसू की रडू. आणि तेवढ्यात... मनकर्णाबाई! पिशवी खाली आपटली आणि सुटल्या, "अरं मेल्या, पुसलास? इथं ढग व्हता! गुलाबी, बोराएवढा! दोन हिवाळं मी बघतीय त्याला!"

"ताई, तो डाग..."

"डाग तुझ्या डोळ्यात! ह्यांचा ढग आत्ताच्या आत्ता परत काढ!"

पोरानं मुकाट्यानं निगेटिव्ह शोधायला घेतली. गुरुजी मात्र फोटो बघेनात, केदारकडं बघेनात, बायकोकडं बघत बसले. डोळे भरले होते हो त्यांचे! आता यात त्यांचं काय चुकलं?

परतताना एसटीत मी मागच्याच सीटवर. शेंडी गेलं, जेऊर गेलं, तसे गुरुजी बायकोकडं वळले. "म्हणजे तुला पहिल्यापासून दिसत होता?"

"दिसत व्हता की."

"मग बोलली का नाहीस गं?"

"एका ढगापायी दोन हिवाळं गच्चीवर काढलं तुमी. व्हय म्हनले असते, तर दुसरा हुडकाय लागला असता!"

घोडेगाव आलं तसे गुरुजी हळूच मागं वळले आणि मला म्हणाले, "देवयानीच्या चांदण्यांत आहे हो आणखी एक ढग... चादर इस्त्री करून ठेवाल का?"