दीड इंच वर

— नाही हो, तुम्ही करा तुमचं काम, मी कुठे अडवतेय? नुसतं विचारलं. म्हणजे समजा — समजा हं — तुम्ही ती चारही चाकं उतरवलीत आणि तुमच्या लक्षात आलं की या गाडीला हे मानवणार नाही, तर तसं तोंडावर सांगाल ना? की ताई, ही गाडी मुळात गुळगुळीत रस्त्यावरची, दिसायला दांडगी पण जीव चिमणीचा, हिला उंच करून काही उपयोग नाही. असं सांगणारे मेकॅनिक असतात. आणि तेवढंच एका कागदावर लिहून खाली गॅरेजचा शिक्का मारून दिलात, तरी माझी हरकत नाही. — होतं म्हणता? आठवड्याला तीन करता? बरं. छान. छानच की.

मी बसते या टायरवर. खुर्ची नको दादा, खुर्चीत बसलं की हिला लगेच कळतं आणि उठते. ठमी. खरं नाव भारदस्त आहे, ते शाळेत जाईपर्यंत जपून ठेवलंय. चौदा महिन्यांची झाली. खांद्यावर झोपते, गादीवर टेकवली की डोळे टक्क उघडे — तुमच्या त्या हातोडीच्या आवाजाने नाही उठणार, पण मी श्वास जरा वेगळा घेतला की उठेल. तुम्हाला मुलं आहेत? दोन! मग तुम्हाला काय सांगायचं. नाही, तुमच्या बायकोला सांगायला हवं.

हे सगळं आमच्या ह्याचं. नवऱ्याचं. वाढदिवसाला लोक घड्याळ देतात, अत्तर देतात, निदान विसरतात तरी — मला दीड इंच उंची मिळाली. आणि खालून लोखंडी पत्रा. पाकिटात तुमची पावती, आणि पावतीवर ह्याच्या हाताने लिहिलेलं : 'आता कधीही जा.' किती प्रेमळ ना? मी रडले. त्याला वाटलं आनंदाने. माणूस चांगला आहे हो, तीच तर पंचाईत आहे. वाईट नवऱ्याला निदान 'तुला काय कळतंय' म्हणता येतं. हा दहा महिने माझ्या तोंडून एकच ऐकतोय — बाबांकडे जायचंय रे, पण गाडी घासते. शेवटचे दोन किलोमीटर नुसते खड्डे, गाडी खालून घासते, मागे मूल, कुठे चेंबर फुटला म्हणजे? चेंबर हा शब्दसुद्धा मी त्यासाठीच शिकले. ऑइल असतं ना त्यात? बघा. तर ह्याने काय करावं? वाद घालावा? नाही. गाडीच उंच करायला टाकली. एखाद्याच्या सबबीवर असा थेट घाव घालू नये, पण त्याला कोण सांगणार.

— हा एवढासा काळा ठोकळा? एवढाच? स्प्रिंगच्या डोक्यावर हा बसवायचा की गाडी वर? मला वाटलं काहीतरी मोठं यंत्र असेल. नाही, मी वाचून आलेय, उगाच नाही विचारत. उंच केली की वळणावर कलंडते म्हणतात. कलंडते ना? — दीड इंचाने नाही. पण माणूस जर आधीच घाबरट असेल तर? म्हणजे गाडी सरळ आणि बाईच कलंडलेली, असं झालं तर त्याला तुमच्याकडे काही ठोकळा आहे? हसा, हसा. मला पण माझं हसूच येतं बऱ्याचदा. हिच्या जन्माआधी मी एका कॉलेजात सांख्यिकी शिकवायची — संभाव्यता, शक्याशक्यता. पन्नास पोरांसमोर उभी राहून सांगायची, भीती आणि शक्यता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आता द्राक्षाचे चार तुकडे करते आणि तरी ती चावेपर्यंत समोर श्वास रोखून उभी राहते.

गाडीचं पोट मी पहिल्यांदाच बघतेय. अशी वर टांगली की बिचारी वाटते, नाही? वरून केवढा रुबाब, आणि खाली सगळं उघडं. नळ्या, वायरी — एवढ्या जवळ असतं सगळं जमिनीला? मग पत्रा तर हवाच. जाड बसवा. — काय? कुठे? ते होय. ते ओरखडे… ते स्पीडब्रेकरचे असतील. आमच्या गल्लीत आहे एक, उंटाच्या पाठीएवढा. — माती? लाल माती स्पीडब्रेकरला कुठून येणार, बरोबर आहे तुमचं. तुम्ही बारकाईने बघता. नवरा नाही बघत एवढं. पुसून टाका ना ती जरा. त्याला दाखवायची काही गरज नाही, म्हणजे उगाच काळजी करत बसेल.

बाबा भूगोल शिकवायचे. छत्तीस वर्षं. आई गेल्यावर घर विकलं आणि तिकडे टेकडीवर दोन खोल्या बांधून राहिले. आयुष्यभर डोंगर फळ्यावर काढले, आता प्रत्यक्ष बघू दे म्हणाले. गाडी कधी चालवली नाही त्यांनी. सायकल. अजून सायकल, एकोणसत्तर वय. तर मी फोनवर म्हटलं, बाबा, रस्ता खराब आहे हो, गाडी घासते. नुसतं आपलं म्हणायचं म्हणून. ते म्हणाले, असं होय? आणि दुसऱ्या दिवसापासून घमेलं आणि फावडं घेऊन रस्त्यावर! रोज सकाळी. टेकडीवरचे दगड वेचायचे, घमेल्यातून आणायचे, टाकायचे, वर माती, वर पाणी, मग धुम्मस — ते ठोकायचं लाकडी असतं ना, ते — त्याने ठोकत बसायचं. आणि दर रविवारी मला अहवाल. खड्ड्यांना नावं दिलीत. 'ठमीच्या आई, आज आखात बुजवलं.' 'सामुद्रधुनी अरुंद होत आलीय गं.' 'ज्वालामुखी शांत आहे.' मला हसू येतं आणि मी म्हणते, वा बाबा, पण अजून ते वळणावरचं असेल ना? असेल, म्हणतात. तेही करतो. मग मी आणखी एक खड्डा शोधून काढते. दहा महिने. दहा महिने मी त्या माणसाला खड्डे पुरवतेय.

कधी म्हणाले नाहीत, की अगं जीपवाले येतात, दूधवाला येतो, तुझीच गाडी काय लोण्याची आहे? नाही म्हणाले.

नाही, भांडण नाही. भांडण असतं तर सोपं असतं, भांडणाची मला सवय आहे. — एक मिनिट, ही हलली. नाही, झोपली.

झालं काय, ही चार महिन्यांची होती. आम्ही तिकडे गेलो होतो, दोन दिवस. मी आंघोळीला गेले. बाबांना म्हटलं, पाच मिनिटं बसा हिच्याजवळ. मोठा पलंग, ही एका बाजूला. कडेला लोड लावलेला असायचा, पडू नये म्हणून. आणि मी आंघोळीला जाताना बाबांना ओरडून सांगितलं, वारा येतोय, खिडकी लावा. ते उठले खिडकी लावायला. चार पावलं. आणि या कार्टीने नेमकी तेव्हाच आयुष्यातली पहिली कूस बदलली. लोकांची मुलं पहिली कूस बदलतात त्याचे फोटो असतात. आमच्याकडे आवाज आहे. धप्प.

काही नाही झालं हो. कपाळाला टेंगूळ. डॉक्टर म्हणाले, मुलं पडतात. पण मी — ओल्या केसांनी बाहेर आले आणि त्यांना काय काय बोलले! तुमच्या भरवशावर एक पोर पाच मिनिटं ठेवता येत नाही. आता पुन्हा हात लावू नका हिला. असं. माझ्या बाबांना. ते खिडकीपाशी उभे, हात अजून कडीवर. म्हणाले, 'चुकलं गं. लोड मीच सरकवला असेन.'

असेन, म्हणाले. ऐकलंत ना? सरकवला नाही, सरकवला 'असेन'. आठवत नव्हतं त्यांना. आठवणार कसं, त्यांनी सरकवलाच नव्हता. तो मी काढला होता. पाठ दुखत होती म्हणून, हिला पाजताना पाठीशी घेतला, आणि परत ठेवायचा विसरले. खुर्चीत होता. त्यांच्यामागे. मला दिसत होता, दादा, ते बोलत होते तेव्हा मला तो लोड समोर दिसत होता.

आणि मी गप्प बसले.

आता त्यांनी ते सगळ्यांना सांगितलंय. ह्याला सांगितलं, माझ्या मावशीला सांगितलं, दूधवाल्यालासुद्धा — माझ्या निष्काळजीपणामुळे पोरगी पडली म्हणून. हा मला म्हणतो, अगं किती दिवस धरून बसणार, माफ कर आता त्यांना. मावशी म्हणते, बाई, मोठ्या मनाने घे. सगळ्यांना वाटतं, माफ करायचं काय ते माझ्याकडून राहिलंय. आणि मी मोठ्या मनाची बाई — मान खाली घालून म्हणते, जाईन हो, पण गाडी घासते.

तुम्ही थांबलात का? करा ना. काम करता करता ऐकलेलं बरं असतं, थांबून कोणी ऐकायला लागलं की मला घाबरायला होतं. तो पाना इकडे आहे, हा घ्या.

ती लाल माती बुधवारची आहे. पावती मंगळवारी मिळाली आणि बुधवारी सकाळी मी गेले. कोणाला न सांगता, हिला मागे बांधून. म्हटलं, उंच व्हायच्या आधी एकदा जाऊन यावं; खरंच घासते का ते तरी बघू. नाही घासली तर मग ठरलं, आज सांगून मोकळं व्हायचं. आणि तुम्हाला सांगते, रस्ता इतका सुंदर झालाय! आखात नाही, सामुद्रधुनी नाही, कडेला गवतसुद्धा कापलेलं. मी निघाले वर. आणि पन्नास पावलांत — खर्रर्र. पोटाखालून. उतरून बघते तो काय, त्यांनी सगळी भर घातलीय मध्यभागी! चाकं जातात त्या बाजू तशाच खोल, आणि मधोमध पायवाटेसारखा उंच, घोटून घोटून गुळगुळीत केलेला पट्टा. नजर पोचेल तिथपर्यंत. सायकलवाला माणूस हो! त्याच्या डोक्यात रस्ता म्हणजे मधली रेघ. दोन किलोमीटर त्यांनी सायकलचा रस्ता केलाय माझ्या गाडीसाठी. आणि त्या पट्ट्याला आता गाडी खरोखर घासते! माझं खोटं होतं दादा. त्यांनी खपून खपून ते खरं केलं.

आणि ते होते तिथे. वळणापाशी, शंभरेक पावलांवर. वाकलेले. गाडीचा आवाज आला तसे पाठ सरळ केली, कमरेवर हात ठेवून. चष्मा नसतो ना काम करताना, त्यांना गाडी ओळखू आली नाही. बाजूला झाले. रस्त्याच्या अगदी कडेला, गवतात उभे राहिले, आणि हात असा केला — जा, जा, जाईल, बसतेय — कोणा परक्याला करावा तसा. हसत होते. आपल्या रस्त्यावरून जीप सोडून पहिली साधी गाडी जातेय म्हणून.

मी रिव्हर्स टाकला. सगळं अंतर उलटं गेले, उताराला. मला सपाट जागेवरसुद्धा रिव्हर्स नीट येत नाही. त्या दिवशी काय सरळ गेले! ते बघत उभे होते. रविवारी फोनवर म्हणाले, 'बुधवारी एक गाडी आली होती गं, पण मागे फिरली. कुठे कमी पडलं कळत नाही. तू येशील तेव्हा जरा बघून सांग.'

— हो, हिचं नाक पुसायलाच रुमाल काढलाय. माझं नाही. धुरळा आहे तुमच्याकडे.

झालं? पत्रापण बसला? एवढ्यात? मला वाटलं, संध्याकाळ होईल. सोडा मग खाली. बाई गं, खरंच उंच दिसते, जरा आगाऊच दिसते. — काय म्हणालात, सगळे बोल्ट पुन्हा आवळायला लागतात? कधी? पन्नास किलोमीटर चालवून परत आणायची. पन्नासच का? बसायला लागतात होय सगळ्या गोष्टी आपापल्या जागी. मग आवळायच्या. असं असतं का.

आणि आत्ता गेले तर तुम्ही संध्याकाळी सातपर्यंत आहात ना? नाही, घरी नाही. बाबांकडे जाऊन-येऊन अठ्ठेचाळीस होतात. — दोन कमी पडतात, कळतंय मला, आकडेच शिकवायची मी. त्याची काळजी तुम्ही नका करू, वाटेत एकदा तरी मी मागे फिरून पुन्हा पुढे जाणारच आहे. तेवढ्यात भरून निघतील. दार धरा जरा, हिला मागे बसवते. — नका, आता काही बोलू नका. हिला नाही, मला जाग येईल. चावी द्या.