वळणावरचं गेट

वर्ध्याच्या कचेरीत अपिलाच्या सुनावणीसाठी बसलो होतो. शेजारच्या बाकावर पवनारकडचे एक नवरा-बायको, तेही अपिलासाठीच आलेले.

"रस्तेवाल्यायनं शिफारस केली का वळणावर समोरचं दिसत नाई, घरच्या नव्या खानावळीचं गेट हायवेवर नोको, मांगच्या पांदण रस्त्यातून करा. पन मी जलमभर तिथूनच गाडी काढून राह्यलो. एक तरी अ‍ॅक्सिडेंट झाला काय?"

"नाई झाला."

"मंग? हेच सांगतो साहेबाले."

"नयनचे बाबा, तुमी गाडी काढता तवा रस्त्यावर कोन उभं राह्यते?"

"तू. मले हात कराले."

"तुमाले नाई. ट्रकवाल्यायले. थांबा म्हनून."

"रोज?"

"रोज. पोरं शाळेत होते तवापासून."

"अन् मले वाटे, बायको निरोप देऊन राह्यली!"

"निरोपाले फुरसत कुठं? नजर सारी वळणावर."

"मंग सांगितलं काऊन नाई?"

"तुमी मांगं पाहून हासत होते ना. बरं वाटे मले."

नवऱ्यानं हातातल्या अपिलाच्या कागदाची घडी घातली.

"आता खानावळीच्या गिऱ्हाइकायसाठीबी मीच उभी राहू काय?"

शिपायानं त्यांचं नाव पुकारलं.

"चाल. अपील वापस घेतो. गेट पांदणीतूनच करू."

"करा. मंग हात फक्त तुमालेच करीन."